सिस्टम बंद पडली, त्या तासांचे पैसे कोणाच्या खिशातून?

अबोली_नाशिक

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज स्वतःच्याच गरजेपोटी धागा काढतेय. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय विचारताही येणार नाही.

गेली दोन वर्षं मी घरून काम करते. अमेरिकेतल्या रुग्णालयांची विम्याची बिलं तपासायची. संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन, मध्ये तासभर जेवणाची सुट्टी. पगार महिन्याचा नाही, तासाचा आहे. ताशी १८० रुपये. लॅपटॉप कंपनीचा, हेडफोन कंपनीचा, व्हीपीएन (कंपनीच्या सिस्टमशी जोडणारं सॉफ्टवेअर) कंपनीचं. वीज, इंटरनेट, टेबल-खुर्ची माझी.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी लॉगिन केलं तर लॅपटॉप आपणहून अपडेट घ्यायला लागला. तो सुरू झाला तर व्हीपीएन जोडेना. तिकीट टाकलं, म्हणजे तांत्रिक विभागाकडे तक्रार नोंदवली. थोड्या वेळात कळलं की टीममधल्या आणखी तिघींचं हेच झालंय. टीएलचा, म्हणजे टीम लीडरचा, ग्रुपवर मेसेज आला की कोणीही उठून जायचं नाही, कधीही सुरू होईल. दर पंधरा मिनिटांनी ग्रुपवर ‘अजून बंद’ असं लिहायचं, आणि टीएलने नाव घेतल्यावर पाच मिनिटांत उत्तर नाही आलं तर गैरहजेरी.

मुलाला दुसऱ्या दिवशी शाळेत तक्ता न्यायचा होता. मी त्याच्याबरोबर जमिनीवर बसून रंगवायला घेतला, पण दर पंधरा मिनिटांनी हात पुसायचा, उठायचं, टाइप करायचं. शेवटी तो म्हणाला, ‘आई, तू काम कर, मी करतो.’ काम तर नव्हतंच. त्या लॅपटॉपच्या एंटरच्या बटणावर अजून हिरव्या पोस्टर कलरचा डाग आहे.

असे ३ तास ४० मिनिटं गेले. पगाराची स्लिप आली तेव्हा ते सगळे ‘नॉन-प्रॉडक्टिव्ह’ म्हणून कापलेले. ६६० रुपये.

त्याच महिन्यात एका शनिवारी आमच्या कॉलनीची वीज १ तास १० मिनिटं गेली होती. त्याचेही २१० रुपये कापले. त्याबद्दल माझी तक्रार आहे की नाही, हे माझं मलाच ठरवता येत नाहीये. पण मंगळवारचे ६६० रुपये मला माझे वाटतात. यात मी चुकतेय का? तुमच्याकडे काय पद्धत आहे?

पैठणगेट

अबोलीताई, अजिबात चुकत नाही आहात. मी छत्रपती संभाजीनगरहून घरून कॉल्स घेते. आमच्याकडे कॉल घेत नसलो की ‘ऑक्स’ लावावा लागतो, म्हणजे कशासाठी थांबलोय त्याचा कोड. जेवणाचा वेगळा, ट्रेनिंगचा वेगळा, सिस्टम इश्यूचा वेगळा. सिस्टम इश्यूचा ऑक्स दिवसाला वीस मिनिटांपर्यंत धरतात, पुढचं सगळं लॉस ऑफ पे, म्हणजे बिनपगारी.

पण मला त्याहून जास्त बोचतं ते वेगळंच. ‘पैसे कापत नाही, उद्या तेवढे तास भरून दे’ असं सांगतात, आणि ऐकायला ते बरं वाटतं. आज चार तास अडकून बसले, उद्या चार तास जास्त काम केलं, म्हणजे घरातले आठ तास गेले आणि पैसे चारच तासांचे आले. वर त्या जास्तीच्या तासांना ओव्हरटाइमचा दर नाही, कारण ते ‘भरपाईचे’ तास. माझी बहीण म्हणाली, अगं, यांचं मशीन बिघडलं तर भरपाई तू का देतेस? त्या दिवसापासून मी हा हिशेब मांडायला लागले.

विचारायला मात्र भीती वाटते. आमच्यातल्या एकीने विचारलं, पुढच्या आठवड्यात रोस्टरमध्ये तिचे तास कमी झाले. तासावर काम करणाऱ्याला काढून टाकायची गरजच पडत नाही, तास द्यायचे नाहीत की झालं.

ठाणेकर_वकील

कामगार कायद्याची वकिली करतो, म्हणून लिहितो. हा सल्ला नव्हे, माहिती समजा. कागद बघितल्याशिवाय सल्ला देता येत नाही.

‘काम नाही तर दाम नाही’ हे वाक्य सर्रास ऐकवलं जातं. ते संपाच्या किंवा गैरहजेरीच्या प्रकरणातलं आहे. कामगार हजर आहे, काम करायला तयार आहे आणि मालकच काम देऊ शकत नाही, ही परिस्थिती कायद्याने फार पूर्वीपासून वेगळी धरली आहे.

किमान वेतन कायदा, १९४८ मधलं कलम १५ पाहा. ज्याचा किमान दर दिवसावर ठरला आहे, त्याला एखाद्या दिवशी पूर्ण तास काम मिळालं नाही तरी पूर्ण दिवसाचं वेतन द्यायचं. अपवाद कोणता, तर त्याचीच काम करायची इच्छा नसेल आणि मालकाकडून काम देण्यात कसूर झाली नसेल तेव्हा. हीच तरतूद वेतन संहिता, २०१९ च्या कलम १० मध्ये आली आहे. वेतन संहितेसह चारही नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत, आणि जुन्या कायद्यात किमान वेतन फक्त अनुसूचीतल्या, म्हणजे कायद्याच्या यादीतल्या, रोजगारांपुरतं होतं, ते नव्या संहितेत सगळ्या कर्मचाऱ्यांपर्यंत नेलं आहे.

दुसरी गोष्ट ‘ले-ऑफ’ची. आपल्याकडे ले-ऑफ म्हणजे नोकरीवरून काढणं असा गैरसमज बातम्यांमुळे झाला आहे. जुन्या औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मधली (आता औद्योगिक संबंध संहिता, २०२० मधली) व्याख्या वाचा. कोळसा, वीज किंवा कच्चा माल कमी पडला, माल साठून राहिला, यंत्र बिघडलं किंवा नैसर्गिक आपत्ती आली म्हणून हजेरीपटावरच्या कामगाराला मालक काम देऊ शकला नाही, तर तो ले-ऑफ. ‘यंत्र बिघडलं’ हे शब्द त्या व्याख्येतच आहेत. कामगार पाळीच्या सुरुवातीला हजर झाला आणि दोन तासांत काम मिळालं नाही, तर त्या दिवसापुरता ले-ऑफ धरतात. वर्षभर सलग सेवा झालेल्याला मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या ५० टक्के भरपाई, तीही ५० किंवा जास्त कामगार असलेल्या औद्योगिक आस्थापनेत. हे कारखान्यासाठी लिहिलेलं आहे. घरच्या टेबलापर्यंत ते जसंच्या तसं आणता येईल असं मी म्हणणार नाही. पण विचार कुठल्या दिशेचा आहे ते दिसतं.

आता अडचण. अबोलीताई, तुमच्या करारात तुम्हाला ‘कर्मचारी’ म्हटलंय की ‘सल्लागार’? सल्लागार म्हटलं असेल तर वरचं काहीच लागू नाही, असं कंपनी म्हणेल. मात्र न्यायालय नुसत्या शब्दावर थांबत नाही. पाळी कोण ठरवतं, साधनं कोणाची, रजा कोण मंजूर करतं, कामावर देखरेख कोणाची, हे सगळं बघितलं जातं.

मागवाला

मी इचलकरंजीचा. वडील यंत्रमागावर होते, आता मी घरून डेटा एंट्री करतो. म्हणून या धाग्यावर गप्प बसवेना.

मागावर मजुरी पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर. कापड जेवढं निघंल तेवढे पैसे. वीज गेली की माग बंद, मजुरी बंद. बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) संपलं की नवीन बीम चढेपर्यंत मजुरी बंद. माग बिघडला की दुरुस्त करणारा जॉबर येईपर्यंत मजुरी बंद. वडिलांना मी कितीदा तरी बघितलंय, डबा घेऊन गेलो की बंद मागाच्या पट्ट्याला टेकून बसलेले. घरी येऊ शकत नव्हते, कारण वीज कधी येईल सांगता येत नाही आणि आल्याबरोबर माग सुरू करायला माणूस उभा पाहिजे. बारा तासांच्या पाळीतले चार तास असे गेले तरी शनिवारी हातात येणारा हिशेब आठ तासांचाच. आई त्या हिशेबाच्या चिठ्ठीकडं बघून किराण्याची यादी कमी करायची, त्यात पहिल्यांदा शेंगदाणे जायचे.

कोणी म्हणंल, तुमच्यात तर कधीच मिळालं नाही, मग यांना का? माझं म्हणणं उलटं आहे. आमच्यात मिळालं नाही म्हणून काय झालं, ते मी घरात बघितलंय. मालकाचा माग, मालकाचं बीम, मालकाचं वीजबिल, आणि बंद पडल्याचा तोटा मात्र माझ्या आईच्या यादीत. लॅपटॉप आला म्हणून हे बदललं नाही. अबोलीताईंचा मुलगा एकटा तक्ता रंगवत बसला, तो त्यातलाच तोटा.

कोथरूडकर

दुसऱ्या बाजूने लिहितो. माझी छोटी फर्म आहे, ११ जण घरून व्हिडिओला उपशीर्षकं देतात. सगळे तासावर.

मला क्लायंट पैसे देतो ते तयार झालेल्या मिनिटांचे. माझा सर्व्हर पडला म्हणून तो एक रुपया जास्त देत नाही, उलट उशीर झाला तर कापतो. मी ११ जणांना बंद काळाचे पैसे दिले तर ते सरळ माझ्या खिशातून जातात. मोठ्या कंपनीला तीन-चार तास म्हणजे काहीच नाही, मला तो महिन्याच्या नफ्यातला मोठा घास आहे.

शिवाय पडताळायचं कसं? ऑफिसात वीज गेली की सगळ्यांची जाते, दिसते. घरी ‘नेट गेलंय’ म्हणून फोन आला तर मला मानावंच लागतं. बहुतेक जण खरंच सांगतात. पण एकदा एकाचं नेट सलग तीन शुक्रवारी संध्याकाळी गेलं, आणि बाकीचे माझ्याकडे बघायला लागले. जो प्रामाणिकपणे बसून राहतो त्याच्यावर तो अन्याय होतो, हेही खरं आहे ना?

आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे सगळ्या पुण्याला माहीत आहे, त्याप्रमाणे मी पाळ्या लावतो. पण अचानक जाते त्याचं काय करायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

अबोलीताईंच्या मंगळवारबद्दल मात्र दुमत नाही. लॅपटॉप यांचा, अपडेट यांचं, ‘उठू नका’ हा हुकूमही यांचाच. ते पैसे द्यायलाच हवेत.

जर्सीकर

इकडे न्यू जर्सीत मी तासावर टेक सपोर्टचं काम करते, तेही घरूनच. इथला कायदा नाशिकला लागू नाही हे आधीच सांगते. काम अमेरिकेचं असलं म्हणून अमेरिकेचा कायदा मिळत नाही. पण इथे हा प्रश्न कसा सोडवला जातो ते सांगण्यासारखं आहे.

इथल्या किमान वेतन आणि कामाच्या तासांच्या १९३८ च्या कायद्यात वाट पाहण्याचे दोन प्रकार धरतात. एक, वाट पाहणं हेच तुमचं काम आहे. दोन, तुम्ही काम मिळायची वाट पाहताय. पहिल्याचे पैसे, दुसऱ्याचे नाहीत. याची मुळं १९४४ च्या एका निकालात आहेत. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थच्या एका मांस कारखान्यात सात कामगार आठवड्यातल्या तीन-चार रात्री कंपनीच्या अग्निशमन खोलीत थांबायचे. आग लागली तर धावायचं, एरवी पत्ते खेळा, झोपा. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, वाट पाहण्याचा वेळ हा कामाचा वेळ असू शकतो, प्रत्येक प्रकरणातली परिस्थिती बघा.

त्यातून आजचा व्यवहारातला नियम असा निघतो, की तो वेळ तुम्हाला स्वतःसाठी खरोखर वापरता येतो का? मॅनेजरने सांगितलं, ‘सिस्टम बंद आहे, नऊपर्यंत मोकळे आहात, नऊला परत या’, तर त्या वेळाचे पैसे नाहीत, कारण मी बाजारात जाऊ शकते. ‘थांबा, कधीही सुरू होईल’ असं सांगितलं तर पैसे द्यावे लागतात. वीस मिनिटांपर्यंतची छोटी सुट्टीही कामातच धरतात. २०२२ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने लास व्हेगसच्या एका कॉल सेंटरच्या प्रकरणात म्हटलं, की संगणक सुरू होईपर्यंतचा वेळसुद्धा कामाचा भाग आहे, कारण त्याशिवाय फोन घेताच येत नाही.

या कसोटीवर अबोलीचा मंगळवार अगदी स्वच्छ आहे. पंधरा-पंधरा मिनिटांनी हजेरी द्यायची म्हणजे तो वेळ तिचा नव्हताच. आणि कोथरूडकर, तुमच्यासारख्यांसाठीही यात सोय आहे. सिस्टम लवकर येणार नाही असं दिसलं की लोकांना स्पष्ट मोकळं करा. मग तुमचं मीटर थांबतं आणि त्यांचा वेळ त्यांना मिळतो. लोकांना अडकवूनही ठेवायचं आणि पैसेही द्यायचे नाहीत, एवढंच चालत नाही.

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणचा, स्वतंत्रपणे काम करतो. लॅपटॉप माझा, सॉफ्टवेअर माझं, नेट माझं. माझं मत थोडं कडवट वाटेल.

२२ जुलै २०२१ चा पूर आठवत असेल. आमच्या घरात पाणी छातीपर्यंत होतं. लॅपटॉप उशीच्या अभ्र्यात गुंडाळून माळ्यावर टाकला म्हणून वाचला, पण वीज नाही, मोबाईलला रेंज नाही. कित्येक दिवस एक पैसा कमावला नाही आणि कोणाकडे मागितलाही नाही. कारण माझा दरच मी तसा लावतो. खाडे, बिघाड, आजारपण, सगळं त्या दरात धरलेलं असतं. क्लायंट दुसऱ्याकडे जाऊ शकतो तसा मीही जाऊ शकतो. हा सौदा मला मान्य आहे.

पण ताशी १८० रुपयांत कोणता बिघाड धरला होता? दर नोकराचा आणि जोखीम धंदेवाल्याची, हे मला मान्य नाही. ज्याला जोखीम द्यायची असेल त्याला दर ठरवायचा हक्कही द्या, हव्या त्या वेळी काम करू द्या, दर पंधरा मिनिटांनी हजेरी घेऊ नका.

विजेबद्दल म्हणाल तर १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली होती. करोनामुळे तेव्हा कितीतरी लोक घरूनच काम करत होते. ऑफिसात असते तर इमारतीचा जनरेटर लागला असता. घरी पाठवल्यावर तो जनरेटर कंपनीने वाचवला, जागेचं भाडं वाचवलं. तो वाचलेला पैसा बघता, घरच्या विजेची थोडी तरी जबाबदारी कंपनीवर येते असं मला वाटतं. पूर्ण नाही, पण थोडी नक्की.

कोथरूडकर

जर्सीकर, ‘स्पष्ट मोकळं करा’ हे मला पटलं. आज दुपारी माझ्या लोकांशी बोललो. आमचं ठरलं ते असं: माझा सर्व्हर किंवा मी दिलेली मशीन बंद पडली तर मी मोकळं करेपर्यंतचे पूर्ण पैसे. घरची वीज किंवा नेट गेलं तर महिन्याला दोन तासांपर्यंत अर्धे पैसे, पुरावा मागणार नाही. त्यापुढे नाही. दोन तास का, तर ११ जणांचा तेवढा भार मला झेपतो म्हणून. आणि एक जादा लॅपटॉप तयार ठेवणार, म्हणजे बिघडला तर दुचाकीवरून पोचवता येईल.

वाशिष्ठीकाठ, जनरेटरचा मुद्दा मी खरंच कधी असा बघितला नव्हता.

पैठणगेट

कोथरूडकर, तुमच्याकडे जागा निघाली तर सांगा, मनापासून म्हणतेय.

वकीलसाहेब, एक विचारायचं होतं. आमच्यात कापतात तेव्हा स्लिपवर ‘अनुपस्थिती’ लिहितात. ते बरोबर आहे का?

ठाणेकर_वकील

तो शब्द नीट तपासण्यासारखा आहे. गैरहजेरीसाठी कपात करता येते. हजर असूनही संपामुळे किंवा सयुक्तिक नसलेल्या कारणाने काम नाकारलं तर जुन्या वेतन प्रदान कायद्यात, म्हणजे १९३६ च्या, त्यालाही गैरहजेरीच धरलं होतं. पण तुम्ही लॉगिन होऊन बसला आहात, ऑक्स लावला आहे आणि काम नाकारलेलं नाही. मग ती अनुपस्थिती कशी? हे लेखी विचारा. तोंडी विचारलेलं उद्या कोणालाच आठवत नाही. आणि शक्य असेल तर एकटीने विचारू नका. चार-पाच जणींच्या सहीने गेलेल्या पत्रानंतर एकीचेच तास कमी करणं अवघड जातं.

अबोली_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. मागवाला, तुमचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही.

करार शोधून वाचला. त्यात ‘सेवा सल्लागार’ असंच लिहिलंय. पण पाळी त्यांनी ठरवलेली, रजा टीएल मंजूर करते, लॅपटॉपवर कंपनीचा स्टिकर आणि नंबर. हे सगळं मी मेलमध्ये लिहिलं. मजकूर मराठीत असा होता, कोणाला उपयोगी पडला तर घ्या:

‘अमुक तारखेला मी ६.३० ला लॉगिन केलं. ६.३४ ला अपडेट आपोआप सुरू झाला. तिकीट क्रमांक हा. ग्रुपवर थांबण्याची सूचना ७.१० ला आली, स्क्रीनशॉट जोडला आहे. त्यानंतर मी १२ वेळा हजेरी दिली, तेही जोडलं आहे. १०.१४ ला काम सुरू झालं. या ३ तास ४० मिनिटांत मला मोकळं केलं नव्हतं. हा वेळ कोणत्या नियमाने कापला ते कृपया लेखी कळवावं.’

पैसे द्या असं कुठेच लिहिलं नाही, नियम विचारला. नऊ दिवस उत्तर नाही. मग काल स्लिप आली, त्यात ‘अ‍ॅडजस्टमेंट’ म्हणून ६६० रुपये जमा आहेत. लेखी नियम अजून आलेला नाही. शनिवारच्या विजेचे २१० आले नाहीत, ते मी मागितलेही नव्हते. आता वाटतं, निदान विचारायला हवं होतं.

पण त्या रात्री आम्ही चौघी बसलो होतो. बाकीच्या तिघींना काही मिळालेलं नाही, कारण त्यांनी काही लिहिलंच नव्हतं. त्यातल्या एकीजवळ तिकिटाचा नंबरही नाही, तिने फक्त टीएलला फोन केला होता. तिच्या फोनमधल्या कॉल लॉगचा स्क्रीनशॉट मागवलाय. ग्रुपवरच्या हजेऱ्यांमध्ये तिघींची नावं आणि वेळा माझ्या स्क्रीनशॉटमध्ये दिसतातच. आज पाळी सुरू व्हायच्या आधी, सहा वाजता, चौघींच्या नावाने एकच मेल पाठवतोय.